टांकसाळीचा विक्रय : कार्सन सिटी, १९३९

१

राजसत्ता इमारती कशा बांधते याचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे. ती त्या कशा विकते याचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. कोनशिला बसविताना समारंभ होतो, भाषणे होतात, त्यांची वृत्ते छापली जातात. उलट, तीच इमारत निरुपयोगी ठरून विक्रीस निघते तेव्हा एक पाटी लागते, एक कागद या खात्यातून त्या खात्यात जातो, आणि बहुधा एवढ्यावरच प्रकरण संपते. वस्तुतः कोणत्याही सत्तेचे एखाद्या गावाशी कोणत्या स्वरूपाचे नाते होते, हे ती तेथे येताना जितके कळते त्याहून अधिक ती तेथून जाताना कळते. येताना ती आपला हेतू सांगते. जाताना ती आपला हिशेब सांगते.

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील कार्सन सिटी या लहानशा डोंगरी गावातील संघसरकारची टांकसाळ १९३९ मध्ये नेवाडा राज्याने विकत घेतली. किंमत होती १०,००० डॉलर. वरवर पाहता ही घटना स्थानिक महत्त्वाची वाटते. तथापि तिच्या मागे रुप्याच्या जागतिक उत्कर्षापकर्षाचा जो इतिहास आहे, त्याचे एक टोक मुंबईच्या टांकसाळीपर्यंत येऊन पोहोचते. यास्तव प्रस्तुत विवेचनात त्या इमारतीचा जन्म, तिचे रिकामे होणे आणि तिची विक्री या तीन अवस्थांचा क्रमाने विचार केला आहे.

२

सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व पायथ्याशी, सुमारे ४,७०० फूट उंचीवर, ईगल व्हॅली नावाचे एक खोरे आहे. हा मूळचा वाशो लोकांचा प्रदेश. १८५८ मध्ये एब्रहॅम करी या उद्योजकाने आपल्या भागीदारांसह तेथील जमीन घेतली व गावाची आखणी केली. त्या आखणीत त्याने भावी विधानभवनासाठी १० एकरांचे मोकळे मैदान राखून ठेवले होते. त्या वेळी नेवाडा नावाचे राज्य नव्हते, प्रांतही नव्हता. सत्ता येण्यापूर्वीच तिच्यासाठी जागा धरून ठेवणाऱ्या या माणसाचा आशावाद पुढील वर्षीच खरा ठरला. १८५९ मध्ये जवळच्या डोंगरात रुप्याचा व सोन्याचा प्रचंड साठा सापडला. तोच इतिहासप्रसिद्ध कॉमस्टॉक लोड होय. १८६१ मध्ये नेवाडा प्रांत झाला, व ३१ ऑक्टोबर १८६४ रोजी, यादवी युद्ध चालू असतानाच, त्याला राज्याचा दर्जा मिळाला.

खाणीतून निघालेला धातू सिएरा ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत न्यावा लागे. घाटाचा रस्ता खर्चाचा आणि धोक्याचा होता. खाणीच्या जवळच टांकसाळ असावी ही मागणी त्यातून उद्भवली व ३ मार्च १८६३ च्या कायद्याने काँग्रेसने ती मान्य केली. युद्धामुळे काम लांबले. १८६६ मध्ये बांधकामास आरंभ झाला. आराखडा ट्रेझरी खात्यातील वास्तुशास्त्रज्ञ आल्फ्रेड मलेट याचा होता. दगड तेथल्याच तुरुंगाच्या खाणीतला होता, आणि बांधकामाचा कारभार करीकडे होता. टांकसाळीचा पहिला अधीक्षकही तोच झाला.

११ फेब्रुवारी १८७० रोजी येथे पहिले रुप्याचे डॉलर पाडले गेले. कार्सनच्या नाण्यांवर ‘सीसी’ ही दोन अक्षरे असत. अमेरिकेच्या सर्व टांकसाळींमध्ये दोन अक्षरांची खूण केवळ याच टांकसाळीची होती. फिलाडेल्फियाच्या मॉर्गन अँड ऑर या कारखान्यात बनलेले सुमारे सहा टन वजनाचे नाणी पाडण्याचे यंत्र हे तिचे मुख्य साधन. १८७८ मध्ये त्याच्या कमानीस तडा गेला, तेव्हा दुरुस्ती गावातल्याच व्हर्जिनिया अँड ट्रकी रेल्वेच्या कारखान्यात झाली, आणि तेथील कारागिरांनी यंत्रावर आपल्या रेल्वेच्या नावाची पितळी पट्टी बसविली. ज्या गावाला असे यंत्र दुरुस्त करता येत होते ते गाव केवळ तंबूंची वसाहत राहिले नव्हते, एवढे या पट्टीवरून निश्चित सांगता येते.

येथे शब्दांच्या इतिहासाकडे एक दृष्टिक्षेप टाकणे अप्रस्तुत ठरणार नाही. मराठीतील ‘टांकसाळ’ हा शब्द संस्कृत ‘टङ्कशाला’ या सामासिक शब्दावरून आला. ‘रुपया’ या शब्दात ‘रूप्य’ म्हणजे चांदी आहे. ‘डॉलर’ हा शब्द ‘टालर’ या जर्मन शब्दाचे रूपांतर, आणि ‘टालर’ हे ‘योआखिम्सटालर’ याचे संक्षिप्त रूप होय. योआखिम्सटाल, आजचे चेक देशातील याखिमोव्ह, हे सोळाव्या शतकातील रुप्याच्या खाणींचे एक लहान डोंगरी गाव. म्हणजे डॉलरच्या नावातच ‘खोरे’ या अर्थाचा ‘टाल’ हा शब्द दडलेला आहे. धातू निघतो डोंगरात, त्याचे मोल ठरते दूरच्या राजधानीत. हा विरोध या नाण्याच्या नावाइतकाच जुना आहे.

३

कार्सनची टांकसाळ प्रथमपासूनच अपेक्षेप्रमाणे चालली नाही. रेल्वे आल्यावर सॅन फ्रान्सिस्कोला धातू नेणे सोपे झाले, आणि ज्या अंतरामुळे टांकसाळ मागितली गेली ते अंतरच व्यवहारात उरले नाही. दुसरे कारण अधिक दूरगामी होते. १२ फेब्रुवारी १८७३ च्या नाणेविषयक कायद्याने रुप्याचे डॉलर अनिर्बंध पाडून घेण्याचा खाणमालकांचा हक्क संपुष्टात आणला. युरोपातील राष्ट्रे सुवर्णपरिमाणाकडे वळत होती, रुप्याचा पुरवठा वाढत होता, मागणी घटत होती. पुढे १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने सरकारवर दरमहा २० ते ४० लाख डॉलरचे रुपे विकत घेण्याचे बंधन घातले. १८९० च्या शर्मन कायद्याने ते दरमहा ४५ लाख औंसांवर नेले. कार्सनची टांकसाळ ही या राजकीय आधारावरच उभी होती. १८८५ मध्ये क्लीव्हलंड अध्यक्ष होताच तिचे नाणी पाडण्याचे काम बंद पडले. पक्ष बदलला, आणि १८८९ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. जून १८९३ च्या आरंभी ते थांबले ते कायमचेच.

त्याच महिन्यात, २६ जून १८९३ रोजी, हिंदुस्थान सरकारने हर्शेल समितीच्या शिफारशीनुसार मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळी खाजगी रुप्याला बंद केल्या. तोपर्यंत कोणीही व्यापारी मुंबईच्या टांकसाळीत चांदी देऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. जगातील रुप्याचा हा सर्वांत मोठा आधार एका दिवसात नाहीसा झाला. न्यूयॉर्कमधील भाव काही दिवसांतच कोसळला. क्लीव्हलंडने ३० जून रोजी काँग्रेसचे विशेष अधिवेशन बोलाविले आणि १ नोव्हेंबर रोजी शर्मन कायद्याची रुपे-खरेदी रद्द झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ च्या ग्रंथात हिंदुस्थानच्या बाजूने ज्या प्रकरणाची चिकित्सा झाली, त्याचीच ही दुसरी बाजू होय. मात्र येथे कार्यकारणभावाची घाई करणे योग्य नव्हे. कार्सनचे यंत्र मुंबईच्या निर्णयापूर्वी काही आठवडे थांबले होते. एकामुळे दुसरे बंद पडले असे म्हणता येत नाही. दोन्ही टांकसाळी एकाच जागतिक स्थित्यंतराने ग्रासल्या, एवढेच म्हणता येते. परंतु कार्सनचे यंत्र पुन्हा चालू होण्याची जी काही आशा होती, ती मात्र मुंबईच्या त्या निर्णयानंतर राहिली नाही.

बंद पडलेल्या टांकसाळीची अवनती पुढे टप्प्याटप्प्याने झाली. १८९५ मध्ये शुद्धीकरणासाठी ठेवलेल्या सोन्यात मोठी तूट असल्याचे उघडकीस आले व काही नोकरांवरील आरोप सिद्ध झाले. १८९९ मध्ये तिचा टांकसाळीचा दर्जा काढून घेण्यात आला, यंत्रे हलविली गेली आणि इमारतीत केवळ धातूंचा कस पाहण्याची कचेरी उरली. मराठी अमलात नाण्यांची पारख करणाऱ्या पोतदाराचे जे काम, तेवढेच आता येथे चाले. खाणमजुराने आणलेला खडा तपासावा आणि त्यात किती सोने, किती रुपे ते लिहून द्यावे. १९३३ मध्ये तीही कचेरी बंद झाली.

गावाचे आकडे याच कथेची पुष्टी करतात. १८८० च्या शिरगणतीत कार्सन सिटीची लोकसंख्या ४,२२९ होती. १९३० मध्ये ती १,५९६ झाली. सर्व नेवाडा राज्याची लोकसंख्या १८८० मध्ये ६२,२६६ होती, ती १९०० मध्ये ४२,३३५ वर आली. राज्याच्या राजधानीच्या गावात दोन हजारही माणसे नसावीत, आणि गावाच्या मुख्य रस्त्यावर दुमजली दगडी टांकसाळ कुलूप लावून उभी असावी, अशी ही स्थिती होती.

४

इमारतीला कुलूप लागण्यापूर्वीच तेथे पाडलेल्या नाण्यांनी मात्र स्वतंत्र प्रवास आरंभिला होता, आणि त्या प्रवासाचा हिंदुस्थानशी प्रत्यक्ष संबंध आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारच्या वतीने हिंदुस्थानात प्रचंड खरेदी झाली. तिची देणी रुपयांत भागवावी लागत. चांदी अपुरी पडू लागली. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट काढण्यात आली ती याच कारणाने. १९१८ च्या आरंभी नोटांच्या बदली रोख रुपये मागणाऱ्यांची मुंबईत व अन्यत्र गर्दी होऊ लागली. तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे धाव घेतली. २३ एप्रिल १९१८ रोजी पिटमन कायदा संमत झाला आणि अमेरिकेच्या खजिन्यात पडून असलेले २७,०२,३२,७२२ रुप्याचे डॉलर वितळविण्यात आले. त्यांपैकी २५,९१,२१,५५४ डॉलरची चांदी हिंदुस्थानच्या गरजेसाठी औंसाला एक डॉलर या दराने ब्रिटनला विकण्यात आली. हा कायदा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो की पिटमन हा नेवाडाचाच सिनेटर होता. वितळविलेल्या डॉलरइतकीच चांदी पुढे अमेरिकी खाणींतून त्याच दराने विकत घ्यावयाची, अशी तरतूद त्याने कायद्यात करून ठेवली होती.

वितळविताना कोणत्या टांकसाळीची किती नाणी गेली याची पृथक् नोंद ठेवली गेली नाही. तथापि कार्सनच्या काही वर्षांची नाणी आज ज्या प्रमाणात दुर्मिळ आहेत, त्यावरून त्यांचाही त्यात अंतर्भाव होता, असे नाणकशास्त्राचे अभ्यासक मानतात. हे अनुमान ग्राह्य धरले तर कॉमस्टॉकच्या डोंगरातले रुपे कार्सनमध्ये डॉलर झाले, खजिन्यात तीस-चाळीस वर्षे पडून राहिले आणि अखेर रुपया होऊन येथील शेतकऱ्याच्या, सावकाराच्या वा शिपायाच्या हाती आले, असे म्हणावे लागते. नाण्याला गाव नसते, इमारतीला असते. म्हणूनच नाण्यांचा प्रश्न बाजार सोडवितो, आणि इमारतीचा प्रश्न मात्र गावापुढे उभा राहतो.

५

१९३८ मध्ये जिल्हा न्यायाधीश क्लार्क जे. गिल्ड हे टांकसाळीवरून जात असता ती विकाऊ असल्याची पाटी त्यांच्या दृष्टीस पडली आणि येथे राज्याचे वस्तुसंग्रहालय करावे ही कल्पना त्यांना सुचली, असा वृत्तान्त त्या संस्थेच्या परंपरेत सांगितला जातो. १९३९ मध्ये राज्याने १०,००० डॉलर देऊन इमारत घेतली. मंदीच्या काळात बेकारांना काम देण्यासाठी निघालेल्या संघसरकारच्या योजनेतील मजुरांनी ती दुरुस्त केली. मेजर मॅक्स फ्लाइशमन या धनिकाने साहाय्य दिले. ३१ ऑक्टोबर १९४१ रोजी, म्हणजे राज्याच्या स्थापनादिनी, नेवाडा राज्य वस्तुसंग्रहालय लोकांस खुले झाले.

एका सज्जनाच्या नजरेस पाटी पडली म्हणून वास्तू वाचली, हे स्पष्टीकरण मनोहर असले तरी अपुरे आहे. पाटी पुष्कळांच्या नजरेस पडली असणार. विक्रीची निष्पत्ती अशी होण्यास किमान तीन कारणे संभवतात. पहिले कारण गावाचे दारिद्र्य. भरभराटीच्या शहरात मध्यवर्ती जागेवरची जुनी सरकारी इमारत जागेच्या मोलाने विकली जाते आणि पाडली जाते. कार्सनमध्ये जागेला तसे गिऱ्हाईकच नव्हते. जे दैन्य गावाला ओसाड करीत होते, तेच इमारतीचे रक्षण करीत होते. दुसरे कारण तिचे बांधकाम. मौल्यवान धातू साठविण्यासाठी बांधलेल्या जाड भिंती पाडण्याचा खर्चही थोडा नव्हता. तिसरे कारण मंदी. सामान्य काळात दुरुस्तीचा जो खर्च लहान राज्याला पेलवला नसता, तो संघसरकारच्या बेकारी-निवारणातून भागला. एका हाताने विकलेल्या इमारतीवर संघसरकारने दुसऱ्या हाताने मजुरी खर्च केली, हा विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. गिल्ड यांचे श्रेय याने उणे होत नाही. अनुकूल परिस्थिती अनेक ठिकाणी असते. तिचा उपयोग करणारा मनुष्य सर्वत्र असतोच असे नाही.

तुलनेसाठी अन्य टांकसाळींकडे पाहावे. जॉर्जियातील डालोनेगा हेही असेच डोंगरी गाव. त्याचे नाव चेरोकी भाषेतील ‘पिवळे’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. ज्या १८३८ मध्ये चेरोकी लोकांना या प्रदेशातून बळाने हाकलण्यात आले, त्याच वर्षी तेथील सोन्याच्या टांकसाळीचे काम सुरू झाले. १८६१ मध्ये ती बंद पडली. १८७१ मध्ये संघसरकारने ती शिक्षणसंस्थेसाठी दिली, आणि १८७८ मध्ये आगीत ती नष्ट झाली. पुढे तिच्याच पायावर महाविद्यालयाची नवी इमारत उठली. सॅन फ्रान्सिस्कोची जुनी टांकसाळ २००३ मध्ये नगरपालिकेस एका डॉलरला देण्यात आली. तो डॉलर १८७९ मध्ये तेथेच पाडलेला होता. डालोनेगाला वास्तू दान म्हणून मिळाली, सॅन फ्रान्सिस्कोला नाममात्र मोलाने, आणि कार्सनला पैसे मोजून. यांपैकी लोकसंख्येच्या व साधनांच्या दृष्टीने सर्वांत अशक्त अशा राज्यालाच खरी किंमत द्यावी लागली, हे नमूद केले पाहिजे. १९४९ च्या कायद्याने सरकारी मालमत्तेच्या विल्हेवाटीचा क्रम पुढे अधिक सुव्यवस्थित झाला. प्रथम अन्य सरकारी खात्यांची गरज, मग लोकोपयोगी कार्यासाठी हस्तांतर, आणि शेवटी जाहीर लिलाव, असे त्याचे सामान्य स्वरूप आहे. १९६६ च्या वारसारक्षण कायद्याने ऐतिहासिक वास्तूंचा वेगळा विचार सक्तीचा केला. कार्सनचा व्यवहार झाला तेव्हा यांपैकी एकही कायदा अस्तित्वात नव्हता.

६

१०,००० डॉलर ही किंमत योग्य होती काय? या प्रश्नाला पुढील इतिहासाने एक अनपेक्षित उत्तर दिले आहे. १९६० नंतरच्या दशकात ट्रेझरीच्या तळघरांत कार्सनचे २८ लाखांहून अधिक रुप्याचे डॉलर न वापरलेल्या स्थितीत आढळले. १९७२ ते १९८० या काळात ते संग्राहकांना टपालाने विकण्यात आले. विक्रेती संस्था होती जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे निरुपयोगी सरकारी इमारतींची विल्हेवाट लावणारीच संस्था. १८८२ ते १८८४ च्या नाण्यांचा आरंभीचा दर प्रत्येकी ३० डॉलर होता. या हिशेबाने ३३४ नाण्यांत संपूर्ण टांकसाळीची १९३९ ची किंमत वसूल होते. मधल्या काळातील चलनवाढ जमेस धरली तरी प्रमाणातील तफावत नजरेत भरणारी आहे. आणि त्या नाण्यांना हे मोल कशामुळे आले? त्यांतील चांदी अन्य टांकसाळींच्या डॉलरहून अधिक नव्हती. अधिक होती ती दोन अक्षरे; ती ज्या गावाची खूण होती त्या गावामुळे. जे मोल इमारत विकताना शून्य धरले गेले, तेच नाणी विकताना सरकारने पुरेपूर वसूल केले.

संग्रहालय झाल्यावर इमारतीने आपले हरवलेले अवयवही हळूहळू परत मिळविले. फिलाडेल्फियाला व तेथून सॅन फ्रान्सिस्कोला गेलेले जुने यंत्र भंगारात निघण्याच्या बेतात असता राज्याने ते मिळविले. १९६० नंतरच्या दशकात नाण्यांची टंचाई पडली तेव्हा संघसरकारला तेच यंत्र राज्याकडून उसने घेऊन डेन्व्हरच्या टांकसाळीत चालवावे लागले. विकणाऱ्याने विकत घेणाऱ्याच्या दारी यावे, असा प्रसंग सरकारी मालमत्तेच्या इतिहासात विरळाच.

तथापि संग्रहालय हे स्मृतीचे घर असले तरी ते सर्वांच्या स्मृतीचे घर आपोआप होत नाही. ज्या खोऱ्यात ही वास्तू उभी आहे ते वाशो लोकांचे होते आणि त्यांच्याशी विक्रीचा कोणताही कागद झाला नव्हता. १९२५ मध्ये वारलेली वाशो कलावती दात सो ला ली, जिचे इंग्रजी नाव लुइझा कायझर, हिने याच गावात राहून विणलेल्या टोपल्या आज त्या संग्रहालयाच्या अमोल संचयात गणल्या जातात. टांकसाळीच्या भिंतींच्या आत नाण्यांशेजारी त्या टोपल्या असणे हे १९३९ च्या विक्रयाचे कदाचित सर्वांत मोठे फलित होय. कारण टांकसाळ म्हणून ती इमारत जिवंत राहिली असती तर तिच्यात त्यांना प्रवेश नव्हता.

७

मराठीतील ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘लेलांव’ या शब्दापासून आला आहे. परक्या सत्तेबरोबर आलेला हा शब्द आता इतका घरचा झाला आहे की त्याच्या मागची विशिष्ट दृष्टी सहसा लक्षात येत नाही. ती दृष्टी अशी की वस्तूचे मोल म्हणजे त्या दिवशी, त्या ठिकाणी, उपस्थित असलेल्या गिऱ्हाइकाने दिलेली किंमत. धान्य, गुरे, लाकूड यांना ही व्याख्या पुरते. लोकांच्या करातून उभ्या राहिलेल्या आणि लोकांच्या जीवनाशी निगडित झालेल्या कचेरीला ती पुरत नाही, कारण तिचे खरे गिऱ्हाईक, म्हणजे पुढची पिढी, त्या दिवशी उपस्थित नसते.

कार्सन सिटीच्या प्रकरणाचे महत्त्व यात आहे. तेथे राज्याने, मोजक्या लोकसंख्येच्या बळावर आणि मंदीच्या वर्षांत, त्या अनुपस्थित गिऱ्हाइकाच्या वतीने बोली केली. सत्तेने बांधलेली प्रत्येक वास्तू राखली पाहिजे असा याचा अर्थ नव्हे. तसे करणे कोणत्याही खजिन्याला शक्य नाही आणि इष्टही नाही. परंतु विक्रीची पाटी लावण्यापूर्वी ही वास्तू त्या गावात कोणत्या कारणाने आली होती, ते कारण कोणाच्या निर्णयाने संपले, आणि त्या निर्णयाची किंमत आजवर कोणी भरली, हे तीन प्रश्न विचारले जाणे आवश्यक आहे. त्यांची उत्तरे दप्तरांत असतात. ती दप्तरे बहुधा इमारतीबरोबरच हलविली जातात, आणि तेव्हाच इतिहासकाराने तेथे असणे अगत्याचे असते.